मुलाची बाजू

विषय वाचून झाला आणि नगरसभेचे दालन एकदम शांत झाले. बापाचे न ऐकता मुलगा परक्या शहरात गेला. बापाने त्याला घराचे दार बंद केले. आता तो परत आला आहे आणि घरात घ्या म्हणतो आहे. बापाची बाजू मांडा नाहीतर मुलाची. निवड वक्त्याची.

वक्ते होते थिओटिम मास्तर. रोमन अमलातल्या अँटिओक शहराच्या वक्तृत्वपीठाची, म्हणजे मुख्य शिक्षकाची, जागा रिकामी झाली होती, आणि दोन उमेदवारांपैकी पहिला बरे बोलून खाली बसला होता. मास्तरांची सारी उमर दुसऱ्यांच्या शाळांत दुय्यम शिक्षक म्हणून गेली होती. आज नाही तर कधीच नाही, हे सगळ्या शहराला ठाऊक होते.

तसा विषय काही नवा नव्हता. हाकललेला मुलगा, समुद्रावरचे चाचे आणि जुलमी राजा, या तिघांच्या जिवावर वक्तृत्वाच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या होत्या. चाचा कुणी पाहिलेला नसे, पण त्याच्यावर तासभर बोलता येई. मास्तरांच्या घरात मात्र यातला मुलगा खराखुरा होता. एकुलता एक मारस वक्तृत्व सोडून बैरूतला कायदा शिकायला गेला, तेव्हा ते भर वर्गात म्हणाले होते, की आजपासून मला मुलगा नाही. वाक्य चांगले जमले म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटले होते.

आज सकाळी त्यांच्या बायकोने, डोम्निनाने, ऑलिव्हची वाटी पुढे सरकवत विषय काढला होता.

"मारस आलाय. माझ्या बहिणीकडे उतरलाय. तुमचं भाषण ऐकायला येणार आहे म्हणे."

मास्तर पाव मोडत राहिले.

"तुम्ही बोलावलंत तर घरी येईल. नाहीतर परत जाईल. मला एवढंच सांगायचं होतं, अहो."

मास्तर पाव तसाच ठेवून सभेला निघाले. बोलवायचे, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकले होते. फक्त भाषण एकदा होऊन जाऊ दे.

आता तो समोर होता. मागच्या खांबाला टेकून, दाढी राखलेला, बराच वाळलेला.

बाजू निवडायला मास्तरांना एक श्वासही लागला नाही, आणि पुढे जन्मभर त्यांना याचेच वाईट वाटत राहिले. मुलाची बाजू सोपी. बापाची अवघड, म्हणून जाणकारांत मान तिलाच. शिवाय त्यांचा सिद्धान्त होता. बोलणाऱ्याने आधी स्वतः पेटावे, तरच ऐकणारा पेटतो, असे जुन्यांपैकी काहींचे मत. मास्तरांनी ते खोडून काढणारा जाडजूड ग्रंथ लिहिला होता. शब्द हा अंगरखा आहे, घालावा आणि काढावा, आतल्या माणसाला त्याचा डाग लागत नाही, असे त्यात सप्रमाण सिद्ध केले होते. त्यांचा मित्र स्ट्रॅतोन तेवढा म्हणे, "थिओटिमा, तुझा अंगरखा एखाद दिवशी अंगाला चिकटेल." मास्तर हसण्यावारी नेत.

"मी बापाची बाजू मांडतो," ते म्हणाले.

आणि असे बोलले, की अँटिओकने तसे कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. "जो जाताना मागे वळून बघत नाही," ते म्हणाले, "तो परत येऊन दार ठोठावतो ते बापासाठी नव्हे, छपरासाठी." लोक उभे राहिले. पीठ त्यांना तिथल्या तिथे जाहीर झाले.

बाहेर कमानीखाली मारस थांबला होता.

"अभिनंदन, बाबा."

"घरी चल. आई वाट बघतेय."

मारस जागचा हलला नाही.

"अरे, ते भाषण होतं," मास्तर म्हणाले. "तू माझ्याच हाताखाली शिकलास, तुला मी काय सांगायचं? मुलाची बाजू कुणीही मांडेल. म्हणून दुसरी घेतली."

"ठाऊक आहे. तुम्हाला दोन्ही बाजू येतात, हे मी लहानपणापासून ऐकतोय. मी नुसतं बघत होतो, तुम्ही कुठली उचलता."

या वेळी 'चुकलं रे माझं' एवढेच म्हणायचे होते. शब्दांचा दुष्काळ मास्तरांना कधी पडला नव्हता. पण ते समजावू लागले, आणि समजावताना त्यांनी मुद्द्यांची मांडणीही नीट केली. शेवटी म्हणाले, "उद्या रिवाजाप्रमाणे मला उलट बाजू मांडायचीय. तुझी बाजू. तेवढं ऐकून जा."

"उद्याही तुम्ही छानच बोलाल," मारस म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "आईला मावशीकडे भेटून मी निघतो."

संध्याकाळी डोम्निना बहिणीकडून परतली आणि मुलासाठी काढलेली गादी तिने उचलून ठेवली. भाषण कसे झाले, हे तिने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दालन खच्चून भरले होते. मास्तरांनी मागच्या खांबाकडे पाहिले. तिथे कुणी जाडा व्यापारी टेकला होता. ते मुलाची बाजू बोलू लागले. भाषण घोटून तयार होते, ते सरळ चालले. "बाबा, मी छपरासाठी आलो नाही," या वाक्याशी आले आणि पुढचा शब्द निघेना. त्यांनी आवंढा गिळला. पुन्हा तोंड उघडले, पुन्हा मिटले. डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. थांबा, मला बोलता येत नाही, असे सांगायला त्यांनी हात वर केला.

टाळ्यांनी छत हादरले. अशी अदाकारी कुणी पाहिली नव्हती. एकटा स्ट्रॅतोन खाली मान घालून बसला होता.

पुढे शाळेतली मुले ते भाषण पाठ करू लागली. त्या वाक्याशी येऊन थांबायची, आवंढा गिळायची, हात वर करायची, आणि जमले का म्हणून मास्तरांकडे बघायची. मास्तर एरवी एका स्वराची चूक सोडत नसत. त्या जागी मात्र ते खिडकीकडे तोंड करून म्हणत, "पुढे म्हण."