उन्हातली खळ

खळ सावलीत वाळली की आंबते. हे इराइल्दाला आई निसेयाने चाळीस वर्षांपूर्वी शिकवले होते, आणि गेल्या महिन्यात फ्रिजमागे वाळत घातलेल्या घागऱ्यांनी पुन्हा शिकवले. पांढऱ्या कापडावर बुरशीचे राखाडी ठिपके उमटले होते आणि आजारी माणसाच्या श्वासासारखा एक वास.

आई निसेया आता नव्हती. आफ्रिकेतून साखळदंडांत समुद्र ओलांडून आलेल्या बायकांचे देव जिथे अजून नाचत, ते रिओच्या टेकडीवरचे तिचे देवघर इराइल्दाच्या पदरात पडले होते. घराचा नियम जुना होता. सुतक फिटल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी नव्या आईने, म्हणजे देवघराच्या नव्या मुख्य पुजारणीने, बंदराच्या चौकात, खळ दिलेल्या शुभ्र घागऱ्यात उभे राहून पहिली ओळ गायची. देवघराच्या दहा बायकांनी तिला उत्तर द्यायचे. ती उभी राहिली नाही, तर ते घर मिटले. आणि सगळ्यांचे घागरे धुऊन, त्यांना खळ द्यायची ती आईनेच, स्वतःच्या हातांनी.

तो शुक्रवार आज होता.

पण टेकडीवर आता नाक्यावरच्या बंदूकवाल्यांची सत्ता होती. त्यांचे फर्मान निघून तीन महिने झाले होते: ढोल नको, मणी नकोत, दोरीवर पांढरे कापड नको, सैतानाचे सगळे बंद. वरच्या गल्लीतल्या झुल्मीराने ते मानले नाही. तिच्या मूर्ती त्यांनी तिच्याच हातून फोडून घेतल्या. तो आवाज इराइल्दाने खिडकीआडून ऐकला होता. ती बाहेर गेली नव्हती.

शेजारणीच्या, लिंदाउराच्या, दोरीवर मात्र पांढरे चालत असे. रविवारी तिच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता, आणि त्याचे पांढरे झगे धुण्याचे काम तिचे.

"दे इकडं ते घागरे," लिंदाउरा म्हणाली. "झग्यांच्या मधे मधे घालते."

"तुझ्या पाद्र्याला कळलं तर?"

"त्याला बायकांच्या कपड्यातलं एवढं कळत असतं, तर त्याची बायको अशी गबाळी फिरली असती होय?"

"पाप लागेल गं तुला."

"लागू दे. सव्वीस वर्षं तुझे ढोल ऐकून डोकं उठलंय माझं. त्यापुढं हे काय!"

ऊन चढत गेले. खिडकीच्या फटीला डोळा लावून इराइल्दा उभी होती. झगे निमूट लोंबत होते. घागरे मात्र वाऱ्याच्या जराशा स्पर्शाने फुगत, जणू त्यांना आपण कोण आहोत हे लपवता येत नव्हते. प्रत्येक लेस तिला उघड्या तोंडासारखी वाटत होती. कापडाच्या कडा नुकत्या कुठे ताठ होऊ लागल्या होत्या.

तेवढ्यात नाक्यावरचा म्होरक्या, उएल्तोन, पायऱ्या चढून आला. कमरेला वायरलेस, खांद्याला बंदूक. दोरीपाशी तो थांबला.

"बाप्तिस्म्याला लेस कधीपासून लागायला लागली, लिंदाउराबाई?"

"बाजूला हो. सावली पडतीय तुझी कपड्यांवर."

"कुणाचे आहेत? बायबलवर हात ठेवून सांगा."

"आम्ही शपथ घेत नसतो. पुस्तकातच लिहिलंय. तूही येतोस ना रविवारी? झोपतोस वाटतं मागच्या बाकावर."

त्याने बंदुकीच्या नळीने एक घागरा ओढून चिखलात पाडला.

"मग शपथेविना सांगा. कुणाचे?"

लिंदाउराला खोटे बोलवत नव्हते आणि खरे सांगवत नव्हते. नळी वर आली, तिच्या गळ्याशी थांबली.

इराइल्दाच्या कानांत झुल्मीराच्या मूर्ती फुटू लागल्या. दार कधी उघडले ते तिला कळले नाही.

"माझे आहेत," ती म्हणाली. "तिचा काही संबंध नाही."

उएल्तोनने तिला नीट पाहून घेतले. "काढा सगळे. आणि ऐका, टेकडीवर हे पांढरं मला पुन्हा दिसता कामा नये. दिसलं, तर झुल्मीरा नशीबवान होती म्हणाल."

तो नाक्यावर परतला. खाली जायला वाट तेवढी एकच होती, त्याच नाक्यावरून.

घागरे अजून ओले होते. इराइल्दाने चौकात थांबलेल्या बायकांचे नऊ घागरे टबात ठेवले. चिखलातला धुऊन वर टाकला. स्वतःचा मात्र तिने अंगावर चढवला.

"वेडी झालीस?" लिंदाउरा ओरडली. "दिसेल त्याला!"

"खळीला ऊन लागतं. दोरी गेली, अंग आहे."

लिंदाउराने टब उचलून डोक्यावर घेतला. "चल मग. पण तुझ्या गाण्याला मी उत्तर देणार नाही हं, आधीच सांगते."

पायऱ्या उतरताना कापड कातडीला चिकटत होते. मग हळूहळू ते सुटले, फुगले, कडक झाले. नाका आला. उएल्तोन भिंतीला टेकला होता. तिला पाहून तो सरळ उभा राहिला, त्याने वायरलेस तोंडाशी नेला.

खळ इतकी घट्ट का, असे तिने सोळाव्या वर्षी विचारले होते. आई निसेया म्हणाली होती, "आत पाय लटपटतात, पोरी. ते बाहेर दिसायचं काम नाही."

घागरा दगडासारखा स्थिर होता. आत तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. ती त्याच्यासमोरून पुढे गेली, मागे वायरलेस खरखरला. बंदराचा चौक अजून खूप खाली होता, पण तोवर ओळ घशात टिकेल याची खात्री नव्हती. तिने ती तिथेच, नाक्यावर, सुरू केली.