टोमॅटोंवर बंदी

बोत्स्वानातल्या लोबात्सेच्या बाजारात मंगळवार म्हणजे मोथुसीचा ट्रक. गेली तीन वर्षं तो सीमेपलीकडच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या झीरस्टहून टोमॅटो आणायचा आणि आधी केबोनयेच्या टपरीपाशी थांबायचा. तिच्या क्रेटमध्ये डागी टोमॅटो औषधालाही सापडायचा नाही. स्वतः निवडून भरायचा ना! ती त्याला चहा आणि तव्यावरची गरम फापाथा रोटी द्यायची. दोघांची पन्नाशी आलेली, त्याची बायको गेलेली, तिचा नवराही. पण बोलणं कशाचं, तर टोमॅटोचं. अगं बाई, तीन वर्षं कोणी टोमॅटोवर बोलतं का!

शेवटी एका मंगळवारी कप खाली ठेवत तो अदबीनं म्हणाला, "म्मा केबोनये, मागणी घालायला माझ्या मामांना पाठवू का?"

तिला आनंदानं काही सुचेना. पण लगेच हो म्हटलं तर लोक काय म्हणतील? "पुढच्या मंगळवारी सांगते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात सरकारनं बाहेरचा भाजीपाला बंद केला. टोमॅटो, कोबी, बीट, सगळंच.

"पाच देशांचा जकात संघ, एकमेकांचा माल अडवायचा नाही असा करार," शेजारच्या टपरीवरची ओनालेन्ना फणकारली. "सही करणार आपणच, मोडणार पण आपणच!"

"मग आपल्या शेतकऱ्यांनी वर यायचं कधी?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

यावं की, खुशाल यावं! पण केबोनयेचा मंगळवार गेला, त्याचं काय?

मोथुसीचा फोनवर एकच निरोप आला : टोमॅटोच नाहीत, तर कुठल्या तोंडानं येऊ? तिनं तो वीसदा वाचला आणि उत्तर काही दिलं नाही. मंगळवारी मात्र ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधायची, पीठ दोघांपुरतं मळायची. ट्रकचा आवाज आला की मान आपोआप वळायची. त्याच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा आणि रागही यायचा. असे सात मंगळवार गेले.

आठव्या मंगळवारी तिचा तोल गेला. "सरकारनं टोमॅटो अडवलेत, माणसं नाही! या बाबाला कोणी अडवलंय?"

"आणि तुला गं?" ओनालेन्नानं विचारलं. "तुझे काय पाय बांधलेत?"

केबोनयेनं तवा खाली उतरवला. मग टपरी ओनालेन्नाच्या गळ्यात घालून तिनं पासपोर्ट घेतला आणि सीमेची गाडी पकडली.

पलीकडच्या चौकीवर अधिकारी बाईनं विचारलं, "माल काय?"

"काही नाही."

"काम?"

"तेही नाही."

"मग जाताय कोणाकडे?"

"मोथुसी सेबोनीकडे."

"कोण लागतो तो तुमचा?"

तीन वर्षं तिनं हाच प्रश्न टाळला होता. मागे रांगेत बाजारातल्याच दोघी उभ्या, कान टवकारून.

"नवरा होणार आहे माझा," ती मोठ्यानं म्हणाली. "त्याला अजून सांगितलं नाही, तेच सांगायला चाललेय. शिक्का मारा लवकर, बाई. तो अजून वाट बघतोय की नाही, तेसुद्धा मला ठाऊक नाही."