ताटात धुतलेला हात

चिंतामणराव वकिलांचं जेवण संपत आलं की गोदावरीच्या तोंडाला आंबट पाणी सुटायचं. ताटाकडे बघायचं नाही म्हटलं तरी डोळे तिथंच जायचे. शेवग्याची शेंग चावून चावून तिचा ओला चोथा ते नेमका उरल्या भातावर ठेवायचे, आमटीची बोटं त्याच भातात पुसायचे आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणायचे, "तुझ्यासाठी ठेवलंय हो, गोदू."

नवऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं, ही रीतच होती. अमरावतीच्या त्यांच्या आळीत घरोघर बायका तशाच जेवायच्या. शेजारची तारा तर म्हणायची, "वैनी, नशीब काढलंत. आमचे हे ताट असं चाटून उठतात की मांजर उपाशी राहील."

गोदावरी हसायची. माहेरी आईसुद्धा बाबांच्या ताटात जेवली. पण बाबा उठण्याआधी मिरचीचं देठ, लिंबाची साल वेचून बाहेर ठेवायचे आणि ताटाच्या कोपऱ्यात पुरणाचा एक स्वच्छ घास राखायचे. तेही उष्टंच, हेही उष्टंच. मग इथंच ओकारी का येते?

चिंतामणराव रुसले की वेगळंच. रुसायला कारण लागत नसे. कोर्टात दुसऱ्या वकिलाची कुणी तारीफ केली, तेवढं पुरे. त्या दिवशी ते तिला आधी आपल्या ताटात वाढून घ्यायला लावायचे, मग तांब्या उचलून त्या वाफाळत्या भातावर हात धुवायचे. एकदा चूळही टाकली. आणि हसले. पाहुण्यांसमोर हेच चिंतामणराव कुणाच्या मेल्या म्हशीसाठीसुद्धा डोळे ओले करायचे.

"पुरुषाच्या मुखातलं ते. त्याला घाण म्हणू नये," तिच्या सासूबाई म्हणायच्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. गोदावरी गिळायची आणि न्हाणीत जाऊन ओकायची. जात्यावर बसली की ओठांतल्या ओठांत जुळवायची:

पहिली माझी ओवी, गहू नाही, ज्वारी नाही
दळते मी भूक बाई, पीठ तिचं पडत नाही

अंगावरचं मांस गेलं. आळीत आधी 'बाहेरचं आहे' झालं, मग 'डोकं फिरलंय' झालं. हे दुसरं चिंतामणरावांनीच पसरवलं, प्रत्येकाला बाजूला घेऊन, हळव्या आवाजात. "नीट जेवायला लागली तर ठीक. नाहीतर नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागेल. काळीज तुटतं हो माझं."

गोदावरीचा धाकटा भाऊ रविकांत अकोल्याला मास्तर होता. हवापालट म्हणून तो तिला घेऊन गेला. तिथं ती स्वतःच्या ताटात जेवली आणि अन्न पोटात राहिलं. तरी रविकांतनं तिला डॉक्टर जानरावांकडे नेलं. मोठा जाडजूड माणूस, खुर्ची कुरकुरायची.

"इथं खाल्लेलं राह्यते, तिथलं ओकून पडते," जानराव म्हणाले. "मंग रोग पोटात नाही, बाई. काहून ओकता, सांगा."

"उष्टं," गोदावरी म्हणाली. आणि मग चोथा, हात, चूळ, सगळं. रविकांत खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"वकीलसाहेबायले इथं बोलावलं तं येतील?"

"ते कशाला?" गोदावरीनं विचारलं. "ते तर बरे आहेत."

"तेच तं. असा मानूस दवाखान्यात येतच नाही. त्याच्याजवळ राहनारे येतात."

"पण डॉक्टरसाहेब, याला रोग म्हणायचं की वळण?" रविकांतनं विचारलं.

"वळनच कधी कधी रोग होऊन बसते, मास्तर. कोनी लावलं ते मले मालूम नाही. आन् त्याले लपायले रीत भेटली. ओकनारी बाई येडी नाही, एवढं मी कोनालेही सांगीन."

पुढच्या रविवारी चिंतामणराव आईला घेऊन तिला न्यायला आले. रविकांतच्या बायकोनं, रमानं, शेवग्याची आमटी केली. चिंतामणरावांनी तिची इतकी स्तुती केली की ती लाजून चुलीकडे पळाली. मग शेंगेचा चोथा निघाला, भातावर बसला आणि ताट गोदावरीकडे सरकलं.

"ये गोदू. वाढून घे. आज जेवलीस तर अमरावती, ओकलीस तर नागपूर. बरोबर ना, आई?"

गोदावरीनं फळीवरून वेगळं ताट काढलं आणि त्यांच्या समोर बसली. "रमा, भाकरी वाढ मला."

"बघा रविकांत," चिंतामणराव हसत म्हणाले. "वेड म्हणतात ते हेच." आणि त्यांनी तांब्या उचलला. सावकाश, एकेक बोट चोळत, ताटातच हात धुतला. भात फुगला, चोथा तरंगला. ओठ हसत होते, पण हनुवटी हट्टी पोरासारखी थरथरायला लागली होती.

ती थरथर आत्याबाईंनी पाहिली आणि घाईघाईनं पुढं सरकल्या. "नको रे बाळा, नको रागवू. मी आहे ना." त्यांनी ताट ओढलं. गढूळ पाण्यातला भात मुठीनं कालवून तोंडात भरला, मग तो चोथाही. हनुवटीवरून पाणी ओघळलं. त्यांचा हात इतका सरावाचा होता की गोदावरीच्या अंगावर काटा आला. हे आजचं नव्हतं. बाळाला दात आले तेव्हापासून या बाईनं त्याच्या तोंडचं असंच उचललं असेल, त्याची हनुवटी थरथरू नये म्हणून.

चिंतामणराव आईकडे बघतसुद्धा नव्हते. पंच्याला हात पुसत होते.

"आत्याबाई," गोदावरी म्हणाली, "थुंका ते."

म्हातारी चावायची थांबली. गाल फुगलेले, नजर मुलाकडे. त्यानं मान वळवली नाही. तिनं गिळलं.

गोदावरीला त्या घशाची शिसारी आली, त्या पंच्याची आली, आजवर गिळलेल्या आपल्याच घासांची आली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि पोटात जाऊ दिला.

"रवी," ती म्हणाली, "स्टेशनावर जाशील तेव्हा अमरावतीची दोनच तिकिटं काढ. यांचं आणि आत्याबाईंचं."