दार किती उघडं ठेवू?

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. राजवाड्याचा नाही की किल्ल्याचा नाही. एका साध्या दुमजली इमारतीतल्या, कोपऱ्यातल्या खोलीचा. त्या खोलीत संस्थेचे प्रमुख बसतात. ही संस्था तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी आहे. कोणाचे मन फार थकलेले असते, कोणी खाणे सोडलेले असते, कोणी बोलणे, तर कोणाला सकाळ झाली की नुसती भीती वाटते. घरी राहून बरे वाटेना की ही मुले काही महिने इथे राहतात. औषधे घेतात, अभ्यास करतात, भांडतात, हसतात आणि हळूहळू सावरतात. या जागेला कोणी वेड्यांचे घर म्हटले की माझ्या बिजागऱ्या करकरतात. पाय मोडून प्लास्टरमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही हसता का?

मला घडवणारा सुतार अबोल होता. दिवसभर रंधा मारायचा आणि स्वतःशीच गुणगुणायचा. मला चौकटीत बसवल्यावर त्याने दोनदा उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाला, हा कधी कुरकुरणार नाही. त्याचा अंदाज साफ चुकला, पण माणूस मनाचा चांगला होता. मी कुरकुरतो, आणि या वयात तो माझा हक्कच आहे.

माझ्या छातीवर तुम्हाला बारीक भोके दिसतील. ती काही कीड नव्हे. ती आहेत नावाच्या पाट्यांची. संस्थेत खांदेपालट झाला की जुनी पाटी निघते आणि नवी लागते, आणि गंमत अशी की नव्या पाटीचे स्क्रू जुन्या भोकांत कधीच बसत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या मापाची पाटी घेऊन येतो. भोके पडतात मला.

सगळ्यांत जास्त काळ टिकली ती मोठ्या बाईंची पाटी. मोठ्या बाई डॉक्टर होत्या, ठेंगण्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांची एक रीत होती. मूल भेटायला आले की त्या आधी एकच प्रश्न विचारायच्या, दार किती उघडं ठेवू? मूल सांगेल तितकाच मी उघडा राहायचो. कोणी मला घट्ट लावून घ्यायचे. कोणी वीतभर फट ठेवायचे. एक पठ्ठ्या तर मला सताड उघडा ठेवून इतक्या मोठ्याने रडगाणे गायचा की स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्यांनाही त्याचे दुःख तोंडपाठ झाले होते. मी ठरल्या जागी थांबावे म्हणून बाई माझ्या पायाखाली एक जुनी रबरी चप्पल सरकवून ठेवायच्या. दिसायला ते काही शोभिवंत नव्हते, पण मला त्या चपलेचा कधी कमीपणा वाटला नाही.

त्याच काळात एक मुलगी आली. नववीतली, हाडकुळी, केस स्वतःच कात्रीने कापलेले. ती आत येईना की बाहेर जाईना, नुसती उंबऱ्यावर उभी राहायची. मांजराची हीच तऱ्हा असते, म्हणून मुलांनी तिचे नाव मनी ठेवले. ऐकून ती किंचित हसली होती, तेव्हा नाव टिकले. पहिले काही दिवस मी पूर्ण उघडा असायचो आणि ती उंबऱ्यावरच बसून बाईंशी बोलायची. म्हणजे बाई बोलायच्या आणि ती नखे कुरतडायची. मग ती खुर्चीपर्यंत आली. मग मी अर्धा मिटलो. शेवटी नुसती हातभर फट राहिली, आणि त्या फटीकडे पाहत तिने सांगितले की घरी ती रडायला लागली की तिला अडगळीच्या खोलीत कोंडायचे. बाहेरून कडी लावायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला त्या दिवशी आपण दरवाजा आहोत याची लाज वाटली.

पुढे बाईंची नजर अधू झाली आणि त्या निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी नव्या साहेबांना सगळे नीट सोपवले. कपाटांच्या किल्ल्या, औषधांचा साठा, प्रत्येक मुलाची फाइल, गळका नळसुद्धा दाखवला. सांगायची राहिली ती एकच गोष्ट, दाराची. ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती सांगायची असते हेच त्यांच्या ध्यानात आले नाही. श्वास कसा घ्यायचा हे कोणी कोणाला सांगून जाते का?

साहेब वाईट नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला हात नसला तरी. आधीच्या नोकरीत त्यांच्या खोलीचे दार उघडे राहिले होते आणि एका मुलाचे बोलणे बाहेर ऐकू गेले होते. जेवणाच्या वेळी त्याची थट्टा झाली. त्या मुलाने पुन्हा तोंड उघडले नाही. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. साहेबांनी आल्या आल्या माझ्या डोक्यावर लोखंडी हाताचे एक यंत्र बसवून घेतले. कोणीही मला उघडून सोडले की ते यंत्र मला ओढायचे आणि मी आपोआप बंद व्हायचो. चप्पल कचऱ्यात गेली. साहेब म्हणाले, मुलांचे बोलणे या खोलीबाहेर जाता कामा नये. मित्रांनो, यात चूक काय होते? काहीच नाही. म्हणूनच तर कोणी बोलले नाही.

सिस्टरना दाराची रीत ठाऊक होती. स्वयंपाकघराला ठाऊक होती. मुलांना तर होतीच. पण नवा साहेब, नवे नियम, आपण कशाला मध्ये पडा, असे म्हणून सगळे मूग गिळून बसले. मोठी माणसे समजली, साहेबांनी ही रीत मुद्दामच मोडली. मुले समजली, बाई गेल्या आणि जाताना ती घेऊन गेल्या.

मनी पुन्हा उंबऱ्यावर आली. साहेब आतून प्रेमाने बोलवायचे, ये बाळ, बस. ती पाऊल उचलायची, तोवर ते यंत्र मला ओढू लागायचे आणि ती झटकन मागे सरायची. खटका पडायचा. आत साहेब, बाहेर ती, आणि मध्ये मी. असे कितीतरी दिवस चालले. तिने बोलणे टाकले, मग जेवण अर्ध्यावर आणले, झोप तर उडालीच. साहेबांनी कागदावर लिहिले की मुलगी सहकार्य करत नाही. लिहिताना त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिले आहे. तिची तब्येत ढासळत होती आणि त्यांना उपाय सापडत नव्हता. अखेर त्यांनी ठरवले की तिला मोठ्या इस्पितळात हलवायचे. तिथे डॉक्टर अधिक होते, यंत्रे अधिक होती, आणि वॉर्डाला बाहेरून कुलूप होते.

तिच्या मावशीला बोलावणे गेले. मनीचे म्हणता येईल असे माणूस म्हणजे ही मावशीच. शिवणकामाच्या कारखान्यातून ती तशीच आली होती, ओढणीला दोरे चिकटलेले. साहेबांनी तिला सगळे समजावले. ती मान हलवत राहिली, पण इस्पितळाच्या कागदावर सही करायला तिचा हात पुढे होईना. मग साहेबांनी सिस्टरना सांगून मनीला बोलावून घेतले.

मनी आली. सिस्टरनी मला उघडून धरले आणि मग सवयीने सोडून दिले. मी मिटू लागलो. मी काय करणार? जुन्या लाकडात जेवढा जोर होता तेवढा लावून मी अडून पाहिले, पण लोखंडापुढे माझे काही चालेना. आणि तेवढ्यात मनीने आपला पाय मध्ये घातला. मी जाऊन तिच्या पावलावर आदळलो. ती कळवळली, पण पाय काढला नाही. तशीच खाली उंबऱ्यावर बसली, माझ्या आणि चौकटीच्या मध्ये, अंग चोरून.

साहेब खुर्चीतून उठले. मग तेही येऊन तिच्यासमोर फरशीवर बसले, इस्त्रीच्या पँटचा विचार न करता.

"लागलं का गं?"

मनीने मान हलवली. मग इतक्या दिवसांनी तिचा आवाज निघाला, गंज चढलेल्या कडीसारखा.

"बाई विचारायच्या."

"काय विचारायच्या?"

"दार किती उघडं ठेवू, ते. तुम्ही आल्यापासून कोणी विचारलंच नाही."

साहेबांनी सिस्टरकडे पाहिले. सिस्टरची मान खाली गेली. "आम्हाला वाटलं, तुम्ही ते मुद्दाम बंद केलंय, साहेब."

मावशी ओढणी तोंडाला लावून रडू लागली. म्हणाली, पोरीला कोंडायचे हो, मला फार उशिरा कळलं. फाइलीत ते लिहिलेले होते आणि साहेबांनी ते वाचलेही होते. पण कागदावरची ती अडगळीची खोली आणि रोज डोळ्यांसमोर मिटणारा मी, यांची सांगड त्यांनी मनात कधी घातलीच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझं चुकलं, बाळा," ते म्हणाले. "मला हे ठाऊक नव्हतं. पण तुला विचारायला काय झालं होतं मला?"

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला, स्वतः स्टुलावर चढले आणि यंत्राचा तो लोखंडी हात सोडवला. मला एकदम हलके वाटले. माझ्या माथ्यावर आणखी चार भोके उरली, पण ती मी आनंदाने मिरवतो. इस्पितळाचा कागद बिनसहीचा परत गेला. आणि खोलीतले बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून साहेबांनी काय केले असेल? ज्या वेळी एखादे मूल मला उघडा ठेवी, त्या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात कोणी फिरकायचे नाही, असा नियम घातला. साहेबांचेही खरे होते आणि मनीचेही, आणि दोघांचेही राहिले.

मनी लगेच बरी झाली असे मी सांगणार नाही. तसे सांगणारे दरवाजे खोटे बोलतात. चार दिवस बरे जायचे, पाचवा वाईट जायचा. पण ती जेवू लागली आणि फट पुन्हा हातभर झाली.

आणि मग व्हायचे तेच झाले. साहेबांची बदली झाली. त्यांची पाटी निघाली, नवी लागली, मला नवी भोके पडली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मनीला विचारले, नव्या बाईंना दाराचं तू सांगशील का? मनीचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा नवे माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळे. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पुन्हा एकदा सगळे मूग गिळून बसले तर?

नव्या बाई खोलीत सामान लावत होत्या. माझ्यावर टकटक झाली. मनी उंबऱ्यावर उभी होती, मूठ घट्ट मिटून.

"बाई, इथे दार किती उघडं ठेवायचं ते आम्ही ठरवतो. तुम्ही फक्त विचारायचं."

नव्या बाईंनी हातातले पुस्तक खाली ठेवले. "बरं. मग दार किती उघडं ठेवू?"

मनी आत आली. तिने माझी मूठ धरली आणि मला लोटू लागली. मी हातभर फटीशी थांबायच्या बेतात होतो, ती जागा माझ्या अंगात मुरली होती. पण ती थांबली नाही. लोटत राहिली, हळूहळू, अगदी चौकटीपर्यंत, आणि खटका पडला. आयुष्यात मी हजारदा मिटलो असेन. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिने मिटले होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी जागेवर जाऊन बसाल, तुमच्याही नावाची पाटी कोणाच्या तरी छातीवर लागेल. जागा सोडताना किल्ल्या तर द्यालच. पण ज्या गोष्टी तुम्हाला श्वासासारख्या सोप्या वाटतात, त्याही तोंडाने सांगून जा. आणि नव्या जागी गेलात तर कोणाचेही दार लोटण्याआधी, त्याच्या भल्यासाठी लोटत असलात तरीही, एकदा त्याला विचारा.