अवधूतजींचा वारा

अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका जुन्या घराच्या मागच्या काचेच्या खोलीत चाळीस माणसं घाम गाळत बसली होती. बाहेर जुलैची दुपार, आत एसी मुद्दाम बंद, वर धुपाचा धूर. आणि माणसं तरी कोण? कुणी सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकणारा, कुणी औषधांच्या चाचण्या तपासणारी. ऑफिसात एक आकडा चुकला तर दहा मेल धाडणारी ही मंडळी इथे हात जोडून, आ वासून बसली होती.

"यंत्र ऑफ, प्राण ऑन!" पांढऱ्या पडद्यापुढच्या गादीवरून अवधूतजी गरजले. "एसीची हवा डेड असते, भक्तहो! आता बघा, मी वायुदेवाला कॉल करतो."

डोळे मिटून त्यांनी 'ह्रां, ह्रीं' केलं, उजवा हात वर नेला, आणि काय सांगावं, मागचा पडदा टम्म फुगला! अंगावर गार झुळूक आली. ना पंखा, ना एसी. बायाबापड्या नव्हेत, चांगले एम. एस. झालेले लोक घळाघळा रडायला लागले.

मनोहर काकांच्या डोक्यात तिडीक गेली. नागपूरच्या उन्हात सरकारी क्वार्टर बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. आता लेकीकडे, निधीकडे, ते तीन महिन्यांसाठी आले होते. सगळे उजव्या हाताकडे बघत होते, तेव्हा काकांनी डावा बघितला. तो गादीमागे, पडद्याखाली, जात्यावर दळण दळावं तसा गोल फिरत होता.

झुळूक थांबली. "आता दुसरी फेरी," अवधूतजी म्हणाले. "गोळ्या, पंप, सगळं या टोपलीत टाकलंत ना? डाउट ठेवाल तर प्राण येणार नाही."

टोपलीत निधीचा दम्याचा पंप होता. तिचा नवरा देवांग याने आत शिरताना स्वतः तिच्या पर्समधून काढून टाकलेला. काकांनी तेव्हा विरोध केला, तर जावई म्हणाला होता, "बाबा, प्लीज, ट्राय तर करू दे."

खोली पुन्हा तापली. धूर दाटला. निधी खोकली, मग तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. ओठ पांढरे पडले. "बाबा..." एवढंच तिला म्हणता आलं.

"घाबरू नका! रोग बाहेर पडतोय!" अवधूतजी ओरडले.

"निधी, ट्रस्ट ठेव, थोडंच राहिलंय," देवांग तिचा हात धरून म्हणाला.

"ट्रस्ट गेला चुलीत!" काका उठले, टोपली उपडी केली, पंप निधीच्या तोंडाला लावला. मग एका हिसक्यात पडदा ओढून पाडला. मागे जमिनीलगत काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती, अन् तिला एक छोटा दांडा. काकांनी तो फिरवला तशा पट्ट्या तिरप्या झाल्या, वारा आत आला आणि धूर हलला. निधीच्या जिवात जीव आला.

"बघा, अवधूतजींनी वारा पाठवला!" पुढे बसलेल्या शुभाताई हात जोडून म्हणाल्या.

अशा अकलेपुढे काय करावं माणसानं! काकांनी दांडा उलटा फिरवला. वारा बंद. "आता मंत्र ऐका माझा. बे एके बे, बे दुणे चार..." म्हणत त्यांनी दांडा सुलटा फिरवला. बे त्रिक सहाला झुळूक हजर!

"वायुदेव काय पाढे ऐकून येतो?" काका कडाडले. "एसी नव्हते तेव्हा उकाड्याच्या गावांत घरं गार राहायची ती असल्या खिडक्यांनी. समोर छताजवळ बघा, तिथल्या पट्ट्या उघड्याच आहेत. तापलेली हवा हलकी, ती वरून बाहेर पडायला बघते. पण खालची वाट या माणसानं बंद ठेवलेली. ती उघडली की बाहेरच्या झाडांच्या सावलीतली हवा आत घुसते. तुम्ही घामानं भिजलेले, म्हणून ती आणखी गार लागते. झाला चमत्कार! बंद घर, बंद गाडी, बंद ऑफिस. खिडकी उघडली की वारा येतो, हेही विसरलात?"

"वाऱ्याला निमित्त लागतं," अवधूतजी पुटपुटले.

"मग खिडकी बंद करतो. आणा वारा."

अवधूतजींनी शाल उचलली. "इथली व्हायब्रेशन्स बिघडली," म्हणाले आणि दाराकडे सटकले.

देवांग मटकन खाली बसला आणि त्याने काकांचे पाय धरले. "बाबा, तुम्हीच खरे गुरू..."

काकांनी पाय झटकन मागे घेतले. "पाय बदललेस, सवय तीच! मी सांगतो म्हणूनही मानू नकोस. दांडा तिथं आहे, तू फिरव, तू बघ. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायचं नाही, कुणाचंही."

देवांग उठेना. निधीने पंप मुठीत घट्ट धरला होता. दोन श्वास घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "देवांग, माझ्या पर्समध्ये अवधूतजींनी हात घातला नव्हता. तू घातलास."

बुवा दारातून पळतो, पण त्याला आत घेणारा माणूस घरातच राहतो. त्या माणसाने विचारायला शिकावं, एवढंच मागणं आहे.