वडील, पान अकरा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी धीरजच्या मानगुटीवर समाजशास्त्राचा प्रकल्प बसला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि त्याची जीवनकथा लिहायची. मार्क वीस, आणि ते बुडाले की वर्षच बुडालं.

पण साल अठ्ठ्याण्णव, टीव्हीवर क्रिकेट ऐन रंगात आलेलं. धीरजने काम आतेबहिणीच्या, रक्षाच्या गळ्यात मारलं. रक्षा मुळात हौशी. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजणाऱ्या आपल्या मामापुढे, म्हणजे धीरजच्या बापापुढे, आनंदरावांपुढे, ती दोन रविवार ठाण मांडून बसली. तीस पानं भरली. धीरजने ती स्वतःच्या अक्षरात उतरवली, एक डोळा स्कोअरवर ठेवून. उतरवलेलं वाचायचंही असतं, हे कॉलेजात कोण कोणाला सांगतो?

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "वडिलांना शाल कशाबद्दल मिळाली?"

"नोकरीले पंचवीस वर्षं झाली म्हणून," धीरजने ठोकून दिलं.

"पान अकरावर तुम्ही लिहिलंय, गावच्या दंडारीत, त्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, बाईचं काम केलं म्हणून. हिरवं लुगडं नेसून नाचले."

आनंदराव! शर्टाचं वरचं बटणही न उघडणारा माणूस! धीरजचं डोकंच फिरलं. "माहे बाबा? नाचले? सर, कोणीतरी खोटं लिहून राह्यलं!"

सरांनी लाल पेनला टोपण लावलं. "कोणीतरी?"

चोरी उघडी पडली. सर मात्र भला माणूस निघाला. आठ दिवस दिले. स्वतः विचारायचं, स्वतः लिहायचं.

त्या संध्याकाळी धीरज वही घेऊन बापासमोर बसला. वीस वर्षं एका घरात राहून पहिला प्रश्न सुचेना. शेवटी म्हणाला, "बाबा, दंडार काऊन सोडली?"

आनंदरावांनी पेपर खाली ठेवला. पोराकडे नीट पाहिलं.

"हे रक्षानं नाई इचारलं," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून हळूच, "दार लोट. तुह्या मायले आयकू नको जाऊ देऊ."

धीरजने दार लोटलं आणि पेन उघडलं.

"पेन ठेव बाजूले. हे लिहाचं नाई."

धीरजच्या डोळ्यांपुढे वीस मार्क नाचले. मग त्याने वही मिटली आणि बापाच्या जवळ सरकून बसला.