घरगुती उपचार, भाग नऊ

सोमवारी सकाळी साहेबांची चिठ्ठी आली आणि माझं डोकंच फिरलं. ‘परतीचं यान’, शेवटचा भाग, पुसून टेप पुन्हा वापरावी. खाली सही. सही कसली, कोंबडीचा पाय!

टीव्ही केंद्राची टेपखोली माझ्या ताब्यात आहे. चौदा कपाटं, एक शिडी, खिडकी नाही. या मालिकेचे आधीचे सगळे भाग मी यायच्या आधीच पुसले गेले, त्यांच्यावर आता फुटबॉलचे सामने आहेत. उरला हा एक. दुसरी प्रत जगात कुठे नाही.

शाळेत असताना दर गुरुवारी मी ही मालिका बघायचे. यानाची कप्तान बाई होती आणि ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. आमच्याकडे बाईमाणसाचा आवाज चढला की वडिलांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण गुरुवारी तेही गुपचूप बघत बसायचे. शेवटच्या भागात ती सगळ्यांना घरी पाठवते आणि मोडक्या यानात एकटी मागे राहते. मी आठ दिवस धड जेवले नव्हते.

तडक साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, हा भाग तुम्ही बघितलाय?”

“अहो बाई, पत्र्याचे डबे उडवतात त्यात. बघायचंय काय?”

“म्हणजे न बघताच पुसायचं?”

“यादीत आहे ना? मग पुसायचं.”

“ज्यानं बघितलं नाही, त्यानं पुसायला सांगू नये,” मी तोंडावर सुनावलं. साहेबांनी दाराकडे बोट केलं.

शेजारच्या खोलीत मामा बसतात. मामा म्हणजे आमचे मशीनवाले, टेपा लावणं-पुसणं त्यांच्याकडे. मला ते ‘तिखट’ म्हणतात. त्यांचा लाडका सिनेमा चंद्रावरच्या माणसांचा, काळापांढरा.

“तुझं यान ज्याला टांगलंय तो दोरा दिसतो गं तिखट,” हे त्यांचं ठरलेलं.

“आणि तुमच्या चांद्रमाणसांच्या डोक्यावर पातेली आहेत, ती नाही दिसत?” हे माझं.

त्यांची बायको नर्स होती. ती जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मामा हसायचे ते या भांडणातच.

साहेबांना मी धडा शिकवायचं ठरवलं. आमच्याकडे पुसलेली टेप कुणी लावून बघत नाही. फाडलेलं लेबल आणि कोरी टेप दिली की काम संपलं. मी कपाटातून कुणाच्या खिजगणतीत नसलेली एक टेप काढली, ‘घरगुती उपचार, भाग नऊ’. मामांच्या नोकरीवर गदा नको, म्हणून ते जेवायला गेल्यावर मीच ती पुसली आणि यानाच्या फाडलेल्या लेबलासकट, यानाची म्हणून साहेबांना दिली. तिचं लेबल यानाच्या टेपेला चिकटवलं आणि यान तिच्या जागी ठेवून दिलं. साहेबांनी लेबल बघून मान डोलावली. कसला आनंद झाला होता मला! बस म्हणावं आता लेबलं मोजत.

शुक्रवारी दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, सरळ सहाव्या कपाटाशी गेले आणि नऊ नंबरची टेप काढून मशीनकडे निघाले.

“अहो मामा, तुम्हाला कशाला घरगुती उपचार?” मी हसत मागे धावले.

“आमची ही आहे त्यात. जखम कशी बांधायची ते दाखवते, चार मिनिटं. बोलतेसुद्धा.” त्यांनी टेप मशीनमध्ये सरकवली. “पहिल्या वर्षी बघवलं नसतं. आता बघवेल असं वाटतंय. घरी फोटो आहेत गं, पण आवाज कुठे आहे?”

तेवढ्यात पडद्यावर यान आलं.

मामांनी टेप बाहेर काढली, लेबल वाचलं, पुन्हा आत घातली. पुन्हा यानच. मग माझ्याकडे वळले.

“कधी पुसलीस?”

“सोमवारी.”

“आधी बघितली होतीस?”

“लेबल बघितलं.”

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. साहेबांना म्हणाले होते तेच शब्द कानात वाजत होते. “ओरडा ना मामा,” मी म्हटलं, “शिव्या तरी घाला!” ते ओरडले नाहीत. मी मशीन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

“राहू दे. कशासाठी गेली ते बघू दे मला.”

खुर्ची ओढून बसले. पंचवीस मिनिटं आम्ही दोघं बघत होतो. शेवटी कप्तान एकटी उरली, मोडकं यान वर उचललं गेलं आणि पडदाभर तो दोरा दिसला, इतका स्पष्ट की आंधळ्यालाही दिसावा.

“मामा, दोरा दिसतोय,” मी म्हटलं. “म्हणा ना.”

त्यांनी टेप बाहेर काढली आणि माझ्या हातात ठेवली.